अबकारी कर आणि गावचा दुकानदार

दारूवरचा कर वाढला की समाजात दोन आवाज उठतात. एक आवाज म्हणतो, वाढवा, आणखी वाढवा. व्यसनाला चाप बसेल आणि सरकारची तिजोरीही भरेल. दुसरा आवाज दुकानदाराचा असतो. तो म्हणतो, आमचा धंदा बसेल, नोकर घरी जातील आणि गिऱ्हाईक चोरट्या वाटेने जाईल. १४ जुलै २०२५ रोजी हा दुसरा आवाज महाराष्ट्रभर ऐकू आला. त्या दिवशी राज्यातील हजारो परमिट रूम व बार त्यांच्या मालकांनी निषेध म्हणून बंद ठेवले. तक्रारी तीन होत्या. बारमध्ये बसून पिण्यावरचा मूल्यवर्धित कर २०२३ साली पाच टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर गेला होता. परवान्याची फी पंधरा टक्क्यांनी वाढली होती. आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतात बनणाऱ्या विदेशी मद्याच्या मोठ्या वर्गावरील उत्पादन शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट करण्याचे ठरविले होते. या सर्व फेरबदलांतून वर्षाला १४,००० कोटी रुपयांची भर पडेल, अशी सरकारची अपेक्षा होती.

दारूच्या करामुळे गावातला किरकोळ व्यापार खरोखरच बुडतो काय? प्रश्न आजचा वाटतो. वस्तुतः तो आपल्या या साष्टीच्या मातीत दीडशे वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तरही या मातीने एकदा दिलेले आहे. ते उत्तर आज कोणाच्या फारसे ध्यानात नाही. म्हणून आम्ही आकड्यांच्या कोष्टकांपेक्षा इतिहासाची वाट धरतो.

एकोणिसाव्या शतकातील गोरेगाव आधी डोळ्यांसमोर आणले पाहिजे. त्या वेळी हा सारा भाग ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात मोडत असे; बृहन्मुंबईत त्याचा समावेश झाला तो १९५७ साली. पहाडी, गोरेगाव, दिंडोशी, आरे ही वेगवेगळी गावे होती. पश्चिमेस खाडी आणि खाजणे, मध्ये भातखाचरे, पूर्वेस डोंगर. साष्टीत किनाऱ्याकडे माडाच्या वाड्या, तर आत डोंगराच्या पायथ्याशी ताड आणि शिंदी. या झाडांवर एक संपूर्ण व्यवसाय उभा होता. भंडारी पहाटे झाडावर चढे, पोय छेदून मडके बांधी, आणि उतरविलेला रस उन्हे चढण्यापूर्वी विकी. सकाळी गोड असलेला तो रस दुपारपर्यंत आंबून माडी किंवा ताडी होई. उत्पादक तोच आणि विक्रेताही तोच. त्याचे भांडवल म्हणजे एक धारदार कोयता, एक दोर आणि काही मडकी. झाडाचा मालक निराळा असला तर त्याला वाटा द्यावा लागे.

या धंद्याच्या आधाराने आणखी काही धंदे चालत. माडी घालून पावाचे पीठ फुगविले जाई. वसई-साष्टीच्या ख्रिस्ती घरांतील पाव आणि सिरका माडीवाचून होत नसे. मडकी घडविणारा कुंभार होता, दोर वळणारा होता, नारळाच्या वाडीचा मालक होता. आज ज्याला आपण स्थानिक बाजारपेठ म्हणतो, ती त्या काळी झाडाच्या बुंध्याशी भरत असे.

या धंद्यावर कर नव्हता असे नाही. अबकारीचे उत्पन्न पूर्वीच्या राजवटीही घेत होत्या आणि इंग्रजांनी तेच पुढे चालविले. बहुधा ते मक्त्याने घेतले जाई. जो जास्त बोली बोले त्याला एखाद्या टापूचा मक्ता मिळे, आणि मग तो मक्तेदार खालच्या लहान विक्रेत्यांकडून आपली वसुली करी. ही पद्धत काही न्यायाची नव्हती. परंतु तीत लहान गाळणाऱ्याला आणि लहान विकणाऱ्याला जगण्यापुरती फट शिल्लक राही.

१८७८ साली मुंबई सरकारने अबकारीचा नवा कायदा केला आणि ही फट बुजली. या धोरणाचे सूत्रधार चार्ल्स प्रिचर्ड हे अधिकारी होते. त्यांच्या योजनेचा गाभा तीन कलमांत सांगता येतो. पहिले, दारू गाळायची ती सरकारच्या देखरेखीखालील ठरावीक मोठ्या भट्ट्यांतच, म्हणजे फाटकातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गॅलनवर शुल्क मोजून घेता येईल. दुसरे, माड, ताड, शिंदी छेदायची ती परवाना काढून आणि झाडामागे ठरलेला कर भरून. तिसरे, विक्री करायची ती परवानाधारक दुकानातूनच. सरकारचे म्हणणे असे, की मोहाच्या दारूवर कर घ्यावयाचा आणि माडीला मोकळे सोडावयाचे हा पक्षपात होईल; तेव्हा दोहोंवरचा बोजा सारखा झाला पाहिजे. कागदावर हा युक्तिवाद बिनतोड होता.

प्रत्यक्षात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. मोठ्या भट्टीच्या मालकावरचा कर गॅलनवर होता. जेवढा माल निघे तेवढा कर. भंडाऱ्यावरचा कर झाडावर होता. झाडाने रस किती दिला, पाऊस किती लांबला, अर्धे मडके आंबून वाया गेले की काय, याची विचारपूस कर घेणारा करीत नसे. मालकाचा वाटा आणि सरकारचा कर दोन्ही चुकवून काही उरले तर ते भंडाऱ्याचे. शिवाय दुकानाचा परवाना घ्यायचा तर पैसा हवा, हमी हवी, लिहिता-वाचता आले पाहिजे आणि कचेरीत ओळख पाहिजे. या चारही गोष्टी ज्यांच्यापाशी होत्या त्यांच्याकडे धंदा गेला. उरण येथे मोठ्या भट्ट्या होत्या. पंचमहालाकडून येणारी मोहाची फुले तेथे उतरत आणि मुंबई-ठाण्याच्या दुकानांना तेथून दारू जाई. या व्यापारात पारशी मक्तेदार आणि दुकानदार पुढे होते. दारूवाला, ताडीवाला, पिठावाला ही आडनावे आजही त्या इतिहासाची साक्ष देतात.

भंडारी गप्प बसले असे नाही. त्यांनी अर्ज केले, सभा भरविल्या, आणि काही भागांत झाडे छेदणेच थांबविले. त्यांच्या मागण्यांपैकी एक मोठी बोलकी होती. झाडाखाली बसून ताजी माडी विकण्याची मुभा आम्हाला असावी, दुकानदाराला मध्ये घालू नये, एवढेच ते मागत होते. पुढे काही ठिकाणी अशी झाडाखालच्या विक्रीची सवलत मिळालीही. पण तोवर अनेकांनी पिढीजात कोयता खुंटीला लावून शेतीची, मजुरीची, गिरणीची वाट धरली होती.

ठाण्याच्या जंगलपट्टीत याच नाटकाचा दुसरा अंक झाला. १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा आला आणि मोहाच्या फुलांचा साठा व व्यापार परवान्याच्या कक्षेत गेला. मोहाचे फूल आदिवासीच्या घरात केवळ दारूसाठी नसते. टंचाईच्या दिवसांत ते अन्न असते. परंतु घरगुती भट्टी बंद झाल्यावाचून दुकानाचा खप वाढत नव्हता, आणि दुकानाचा खप वाढल्यावाचून शुल्क येत नव्हते.

कमीत कमी खप आणि जास्तीत जास्त उत्पन्न, असे आपल्या अबकारी धोरणाचे सूत्र सरकार सांगत असे. समाजसुधारकांना या सूत्राची दुसरी बाजू दिसत होती. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली, त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी निषेध नोंदविला. जो परवान्याच्या फीवर जगतो तो परवाने कमी कशाला करील, ही शंका त्या काळातील सर्वच मद्यपाननिषेधकांच्या मनात होती, आणि ती अनाठायी नव्हती.

हा अनुभव केवळ आपलाच नव्हे. अमेरिकेत १७९१ साली व्हिस्कीवर कर बसला. सीमेवरच्या लहान शेतकऱ्याला भट्टीच्या आकारमानानुसार ठोक रक्कम भरण्याची मुभा होती. परंतु जो मोठा गाळणारा आपली भट्टी रात्रंदिवस चालवू शके, त्याला हीच ठोक रक्कम प्रत्येक गॅलनमागे नगण्य पडे, आणि हंगामात चार आठवडे गाळणाऱ्या शेतकऱ्याला ती जड जाई. १७९४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागात बंड उसळले आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांना सैन्य घेऊन निघावे लागले. इंग्लंडात त्याच्याही आधी, १७३६ साली, जिनच्या किरकोळ विक्रीवर वर्षाला ५० पौंडांचा परवाना लादण्यात आला. इतका महाग परवाना काढणारे बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. विक्री मात्र गल्लीबोळांतून चालूच राहिली आणि १७४३ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. साष्टी, पेनसिल्व्हेनिया आणि लंडन या तीन ठिकाणची माणसे निराळी, पेये निराळी. पण ठोक रकमेचा कर लहानाला मोठ्यापेक्षा जड जातो, हा अनुभव तिन्हीकडे एकच.

आता प्रश्नाची दुसरी बाजू घेऊ. कर वाढल्याने काय होते ते पाहिले. तो अजिबात नाहीसा झाला तर व्यापाराचे काय होते? तोही प्रयोग मुंबई इलाख्यात होऊन गेला आहे.

१९३७ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले तेव्हा मुंबई प्रांताच्या उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा अबकारीतून येत होता. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते, अण्णासाहेब लठ्ठे अर्थमंत्री, आणि अबकारी खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत दारूबंदी सुरू झाली. गमावलेल्या उत्पन्नाची भरपाई म्हणून शहरी स्थावर मालमत्तेवर दहा टक्के कर बसला. घरमालकांनी, आणि त्यांतही पारशी समाजाने, या दोन्ही गोष्टींना कडाडून विरोध केला. मंत्रिमंडळाने त्याच वर्षी राजीनामा दिला आणि १९४० मध्ये उच्च न्यायालयाच्या निर्णयाने ही पहिली दारूबंदी लटकी पडली.

मद्रास प्रांतात राजगोपालाचारी यांनी अधिक दूरगामी पाऊल टाकले. सेलम जिल्ह्यात दारूबंदी केल्यावर जी तूट येऊ लागली, ती भरून काढण्यासाठी त्यांनी १९३९ साली सर्वसाधारण विक्रीकर आणला. हिंदुस्थानात तमाम वस्तूंच्या विक्रीवर बसलेला हा पहिला कर होय. मुंबईनेही १९४६ साली विक्रीकर लागू केला, दारूबंदी टप्प्याटप्प्याने वाढवीत नेली, आणि ६ एप्रिल १९५० पासून ती राज्यभर पूर्ण झाली. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. जो पैसा पूर्वी ताडीच्या दुकानातून तिजोरीत जाई, त्याची जागा भरण्याचे काम आता कापडवाला, भांडीवाला, किराणावाला यांच्या वह्यांकडे आले. ज्या वाण्याने आयुष्यात बाटलीला हात लावला नाही, तोही हिशेबाची नवी वही घालून विक्रीकराच्या कचेरीत चकरा मारू लागला. दारूवरचा कर स्थानिक व्यापाराला मारक आहे, असे म्हणणाऱ्याने हा इतिहास विसरू नये. तिजोरीला पैसा लागतोच. एका दुकानातून तो येईनासा झाला की सरकार शेजारच्या दुकानाची पायरी चढते.

दारूबंदीच्या काळात विक्री थांबली नाही, तिने वेश बदलला. ताडीचे उघड दुकान गेले आणि त्याच्या जागी वस्तीतल्या एखाद्या खोलीत चालणारा गुत्ता आला. अनेक ठिकाणी तो चालविणारी बाई 'आंटी' या नावाने ओळखली जाई. या विक्रीवर कर नव्हता, पण हप्ता होता. भंडाऱ्याच्या वाट्याला सरकारमान्य नीरा तेवढी आली. उपनगरी स्थानकांवरची नीरेची दुकाने हा त्या काळाचा एक चांगला अवशेष होय. पण माडीवर जितके लोक जगत होते तितके नीरेवर जगू शकले नाहीत.

१९६० च्या दशकात बंदी सैल होत गेली, आणि १९७२-७३ च्या सुमारास देशी दारूची व विदेशी मद्याची दुकाने पुन्हा परवान्याने उघडली. त्यानंतर मात्र सरकारने मद्यविक्रीच्या दुकानांचे नवे परवाने जवळजवळ दिलेच नाहीत. येथे व्यापाराचा एक साधा नियम लागू होतो. गावाची वस्ती दहापट झाली आणि दुकाने तेवढीच राहिली, तर दुकानापेक्षा परवानाच मौल्यवान होतो. अशा दुकानदाराला करवाढीची झळ फारशी लागत नाही. तो वाढलेला कर किमतीत मिळवितो आणि गिऱ्हाईक रांगेत उभे राहते, कारण दुसरे दुकान जवळ नसते.

परमिट रूमवाल्याची गोष्ट निराळी. त्याला जागेचे भाडे आहे, आचारी आहे, वाढपी आहे, दिव्यांचे बिल आहे. त्याच्याकडे येणारा माणूस बाटलीबरोबर बसण्याची जागाही विकत घेत असतो, आणि दहा टक्क्यांचा तो कर या बसण्यावरच पडला. तेव्हा गिऱ्हाईक दुकानातून बाटली घेऊन घरी जाते, किंवा गाडीत, मैदानात, रस्त्याच्या कडेला बसते. म्हणून २०२५ मधील बंद परमिट रूमवाल्यांनी पाळला, याचे आम्हाला आश्चर्य वाटत नाही. त्यांची तक्रार खोटी नव्हती. परंतु 'कर व्यापार मारतो' असा तिचा सार्वत्रिक अर्थ काढणे चूक ठरेल. गिऱ्हाईक पिणे सोडून गेले असते तर दुकानाचा गल्लाही उतरला असता. ते फक्त खुर्चीवरून उठले. १८७८ नंतर झाडाखालचे गिऱ्हाईक दुकानात गेले, त्याच जातीची ही घटना आहे. कर जेथे बसतो तेथून व्यापार उठतो आणि जेथे तो हलका असतो तेथे जाऊन बसतो.

ज्याच्याकडे उठून जायला जागाच नाही, त्याचे काय होते हेही पाहिले पाहिजे. गोरेगावला लागूनच असलेल्या मालाडच्या मालवणी भागात जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉल होते. मेलेले बहुतेक कष्टकरी होते. त्या मृत्यूंना एकटा करच कारण झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. हप्ता, ढिलाई आणि विषाचा बेफिकीर व्यापार ही कारणे त्यात होतीच. तथापि अधिकृत देशी दारू आणि चोरटी दारू यांच्या किमतींत जितके अंतर वाढते, तितका त्या व्यापाराला आधार मिळतो, हे नाकारता येत नाही. सर्वांत गरीब गिऱ्हाइकावर मोठा कर लादताना हे अंतर मोजले पाहिजे.

राहता राहिला शेजारचा दुकानदार, जो दारू विकत नाही. त्याचे हित कशात आहे? वरवर पाहता असे वाटते, की दारू महागली म्हणजे लोक कमी पितील आणि वाचलेला पैसा वाण्याकडे येईल. काही घरांत तसे होतेही. परंतु ज्याला सवय जडली आहे तो बाटली सोडत नाही, घरच्या खर्चात काटकसर करतो. दूध अर्धा लिटरवरून पावावर येते, मुलाची वही पुढच्या महिन्यावर जाते आणि वाण्याची उधारी वाढते. तेव्हा दारूवरचा कर किराणा दुकानातून वसूल होतो आणि त्याची पावती कोणालाच मिळत नाही. या घरच्या बाईचे मत विचारले तर ती कराच्या टक्केवारीत पडत नाही. ती दुकानच नको म्हणते. महाराष्ट्रात मतदानाने दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद आहे आणि त्या मतपत्रिकेवर उभी आणि आडवी बाटली असते. ठिकठिकाणच्या बायांनी ही आडवी बाटली जिंकून दाखविली आहे.

खप खरोखर कशाने उतरतो, याचेही एक उदाहरण आपल्याच बाजूचे आहे. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून एक देवीची चळवळ निघाली आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांत पसरली. देवी अंगात येई आणि दारू-ताडी सोडा असे सांगे. गावेच्या गावे पिणे सोडून बसली आणि वर्षानुवर्षे उधारीवर दारू पाजणाऱ्या दुकानदारांची दुकाने ओस पडली. हे सारे कोणत्याही करवाढीवाचून घडले. पुढे काही ठिकाणी ती लाट ओसरली हे खरे. पण कराने जे पन्नास वर्षांत साधले नव्हते ते लोकांच्या निश्चयाने काही महिन्यांत करून दाखविले.

या सर्व इतिहासातून आमचा निष्कर्ष निघतो तो असा. दारूच्या कराने व्यापार सरसकट बुडत नाही. तो हात बदलतो. लहानाच्या हातून मोठ्याच्या हाती, उघड्यावरून आडोशाला, खुर्चीवरून काउंटरवर, असा त्याचा प्रवास असतो. म्हणून पुढच्या वेळी अशी करवाढ जाहीर होईल तेव्हा नागरिकांनी किती टक्के एवढे विचारून थांबू नये. कर मोजलेल्या मालावर आहे की झाडावर, परवान्यावर आणि जागेवर ठोक बसवलेला आहे? तो भरणाऱ्यापाशी किमतीत मिळविण्याची ताकद आहे काय? आणि जे गिऱ्हाईक येथून उठेल ते कोठे जाऊन बसेल? या तीन प्रश्नांची उत्तरे हातात असल्यावाचून दुकानदाराच्या बंदला पाठिंबा देणेही घाईचे आणि त्याची थट्टा करणेही घाईचेच.

साष्टीच्या भंडाऱ्याने हे प्रश्न कोणी विचारावेत म्हणून अर्ज लिहिले होते. त्या वेळी ज्यांनी ते वाचावयाचे ते उत्पन्नाची बेरीज करण्यात गुंतले होते. आज तशीच बेरीज आपल्या प्रतिनिधींच्या हाती आहे. तिच्यात लहान विक्रेता, शेजारचा वाणी आणि उधारीची वही सांभाळणारी बाई यांचे रकानेही मांडून घेणे, हे मत देणाऱ्या नागरिकाचे काम आहे.